गल्लीतला शेवटचा लाल ठिपका

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकून हे फक्त लिहिण्यापुरतं. कमरेत उसण भरली आहे आणि गेला महिनाभर मी झाडूच्या दांड्यासारखा ताठ फिरतो आहे. कशी भरली ते पुढे येईलच.) तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला गेला का? चौदाव्या मजल्यावर वारा फार, त्यांना म्हणावं कान बांधून बसत जा. मागच्या खेपेला तुमच्याकडे आलो, तेव्हा खालच्या पहारेकऱ्यानं माझा फोटो काढला, अंगठा घेतला आणि रजिस्टरात ‘येण्याचं कारण’ या रकान्यात काहीतरी लिहाच म्हणाला. मी ‘सख्खी बहीण’ असं लिहिलं. त्यावर त्यानं ‘काम किती वेळाचं?’ असं विचारलं. त्याचंही बरोबर आहे म्हणा. तू मोठ्या अभिमानानं सांगितलंस की इथे चिटपाखरू आत येत नाही, आणि मग शेजारच्या दारामागे कोण राहतं असं मी विचारलं तर तुला सांगता येईना. असो. टोमणा मारत नाही, नुसती आठवण देतो आहे.

पत्र लिहायचं कारण असं, की तू अकरा वर्षं आपल्या गल्लीत पाऊल टाकलेलं नाहीस. माझ्या दुकानातून बाहेर पडलीस, डेअरीच्या कोपऱ्यावर गेलीस, खांद्याला हात लावलास तर बॅग नाही, आणि नेमका त्याच क्षणी निळ्या सायकलवरून नळवाला तुला घासून गेला. त्याच्या हँडलला काळी छत्री होती, ती तुझ्या बॅगेतलीच, असंही तू छातीठोकपणे सांगितलंस. पोलिसांनी त्याला दोन तास बसवून, काही सापडलं नाही म्हणून सोडून दिलं. गल्लीनं मात्र सोडलं नाही. त्या दिवसापासून आपली गल्ली ‘ती बॅगवाली गल्ली’ झाली, तू शपथ घेतलीस, नळवाल्यानं वाट बदलली आणि गल्लीतले नळ अकरा वर्षं गळताहेत. मला तू पुन्हा इथे यायला हवी आहेस, ताई. दुकानातल्या त्या उंच स्टुलावर बसून, ‘ठोंब्या, फ्रेम तिरकी आहे,’ असं म्हणायला दुसरं कुणी नाही. तुझी भावजय म्हणते, पण तिला सरळ फ्रेमही तिरकी दिसते.

तर घडलं असं. चार महिन्यांपूर्वी महापालिकेतून एक बाई आल्या. जुन्या वस्त्या पुन्हा नांदत्या करायच्या म्हणे, आणि त्यासाठी लोकांना कुठे सुरक्षित वाटतं, कुठे भीती वाटते, ते आधी कळायला हवं. त्यांनी बंद लाँड्रीच्या शटरवर आपल्या गल्लीचा हा भलामोठा नकाशा चिकटवला आणि गल्लीतल्या, येणाऱ्याजाणाऱ्या, सगळ्यांना चिकटवायचे गोल ठिपके वाटले. बरं वाटतं तिथे हिरवा, भीती वाटते तिथे लाल. कल्पना वाईट नव्हती, पण आपली माणसं तुला ठाऊक आहेत. वरच्या मजल्यावरच्या सूनबाईंनी लाल ठिपका थेट स्वतःच्या स्वयंपाकघरावर लावला आणि सासूबाईंनी लगेच त्याच्यावर दुसरा. शिंप्यानं समोरच्या शिंप्याच्या दारावर तीन लावले. हेडसरांच्या घरावर (रिटायर होऊन बारा वर्षं झाली) त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी इतके लाल ठिपके लावले की बाईंना वाटलं तिथे अड्डाच आहे. त्या हेडसरांना भेटायला गेल्या आणि शुद्धलेखनाच्या चुका दाखवून घेऊन परत आल्या.

हे सगळं मी हसत हसत बघत होतो. मग ठिपक्यांची मोजणी झाली आणि सर्वांत जास्त लाल ठिपके कुणाच्या दारात निघाले? माझ्या! चौदा! ताई, झुरळ दिसलं तर मी स्टुलावर चढतो हे तुला माहीत आहे. आणि लोक मला भितात! हसावं की रडावं कळेना. मी एकेकाला गाठून विचारलं. निम्मे म्हणाले, तुमच्या बहिणीची बॅग तिथेच गेली ना? उरलेले म्हणाले, ते फोटो. लोक तसबिरी मढवायला टाकतात आणि न्यायला येत नाहीत, त्या मी शोभेला म्हणून काचेत लावल्या होत्या. गेल्या तीस वर्षांत एक-एक करत बावीस अनोळखी माणसं जमली, त्यातलं एकही हसरं नाही. रस्त्यानं जाताना बावीस जण आपल्याकडे डोळे वटारून बघताहेत असं वाटतं, असं बेकरीवाल्या बाईंनी सांगितलं. मला ती बावीस माणसं घरचीच वाटत होती, त्यामुळे कधी लक्षातच आलं नाही.

मी चंग बांधला. दुसरी मोजणी तीन महिन्यांनी होती. तोवर माझ्या दारातला एकूण एक लाल ठिपका घालवायचा, म्हणजे ताईला बोलवायला तोंड राहील. पहिला उपाय म्हणून दिवा आणला. माणूस जवळ आला की आपोआप पेटतो तसला. दुकानदारानं त्याच्याबरोबर घंटाही फुकट दिली (फुकट दिलेल्या वस्तूचा मला नेहमीच मोह होतो, तुला माझा तो पोपट आठवत असेल). संध्याकाळी पहिले आले हेडसर. लख्ख प्रकाश, कर्कश घंटा, आणि काचेत एकदम बावीस चेहरे. हेडसरांनी हातातली भाजीची पिशवी माझ्या दिशेनं भिरकावली आणि धूम ठोकली. या वयात ते इतकं पळू शकतात हे त्यांच्या डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या बाईंनी सांगितलं, लाल ठिपके सतरा झाले.

मग तसबिरीच काढायच्या ठरवल्या. एकवीस निघाल्या निमूटपणे. राहिले ते बाविसावे, मिशीवाले. तुला आठवतील, भिंतीला टेकवून ठेवलेले, माझ्याहून उंच. तू शेवटची आलीस त्याच दिवशी त्यांची काच बसवताना दुसरी बाजू तू धरली होतीस. त्यांना न्यायला कुणी आलंच नाही, त्यामुळे अकरा वर्षं ते जागचे हललेले नव्हते. मी त्यांना मिठी मारली, उचललं, आणि कमरेतून असा काही आवाज आला की मिशीवाले बोलले असं मला वाटलं. उसण भरली ती अशी. (त्यांच्यामागे कोळ्यांची वस्ती होती, दोन हातोड्या होत्या, आणि आणखीही काही होतं. ते नंतर.) आता रिकाम्या काचेत लावायचं काय? दुकानात ताज्या मढवलेल्या वस्तू म्हणजे आरसे, तेच लावले. लहानमोठे अकरा.

पहिल्या दिवशी पोस्टमन दचकून ‘कोण आहे?’ म्हणाले आणि स्वतःलाच नमस्कार करून गेले. मला वाटलं, बोंबला, आता वीस होणार. पण तिसऱ्या दिवसापासून गंमत सुरू झाली, ताई. जाणारा प्रत्येक जण थांबायला लागला. कामाला निघालेल्या मुली केस नीट करायला, शिंपी मिशी बघायला, दुसरा शिंपी पहिल्याची मिशी बघून नाक मुरडायला. उंच आरसा मोकळा होईपर्यंत दोन मिनिटं थांबावं लागायचं, आणि दोन मिनिटं शेजारी उभं राहिल्यावर आपली माणसं गप्प थोडीच बसतात? कुणीतरी दवाखान्यातून सुटलेलं बाकडं आणून टाकलं. बाकड्यावर माणसं बसली म्हणून बेकरीवाल्या बाईंनी खिडकी उघडी ठेवायला सुरुवात केली. वर्दळ दिसली म्हणून बंद लाँड्रीत एका मावशींनी नाच शिकवण्याचा वर्ग काढला (आमच्या भिंतीला ताल बसतो, फ्रेमा तिरक्या होतात, तू हवी होतीस). आता अंधार पडल्यावरही बायका एकट्या येतात, सावकाश चालतात. पूर्वी आपल्या गल्लीत सगळे चपलेचा पट्टा तुटेल अशा वेगानं जायचे, आठवतं?

गेल्या आठवड्यात दुसरी मोजणी झाली. माझ्या दारात एकच लाल ठिपका! अगदी उंबऱ्यावर. बाकी सगळे हिरवे, इतके की दुकान नकाशावर दिसतच नव्हतं. बाईंनी माझं अभिनंदन केलं आणि आरशात बघून ओढणी सारखी केली. तो एक ठिपका मी अर्थातच तुझ्या भावजयीच्या नावावर टाकला आणि दोन दिवस तिच्याशी कमी बोललो. तिच्या ते लक्षात आलं नाही.

तेव्हा आता ये. बसस्टॉपपासून घरापर्यंत सगळं हिरवं आहे. मी न्यायला येईन, पण तू एकटीच चालत यावंस असं मला मनापासून वाटतं. दाजींना सांगावं की आमच्याकडे रजिस्टर नाही. येण्याचं कारण बाकड्यावरच्या बायका तोंडी विचारतील.

तुझा,
ठोंब्या

ता. क. बॅग सापडली. मिशीवाल्यांच्या मागे होती. काच धरण्यासाठी तू ती भिंतीशी ठेवलीस आणि मीच त्यांना तिच्यावर टेकवून ठेवलं. चष्मा, पाकीट, लिमलेटच्या गोळ्या, सगळं जिथल्या तिथे आहे. किल्ल्यांचा जुडगाही आहे, ज्याच्यासाठी तू घरची तीन कुलुपं बदललीस. चिडू नकोस. आधी चिडून घे हवं तर, पण मग खालचं वाच.

ता. क. दोन. बॅग सापडल्यावर महिनाभर धीर होत नव्हता, शेवटी काल मी नळवाल्यांकडे गेलो. ते इथून दोनच गल्ल्या मागे राहतात. दारात उभा राहिलो आणि बॅगेऐवजी आमचा नळ गळतो असं सांगितलं. (गल्लीत आमचाच काय तो एक नळ गळत नव्हता, म्हणून ते यायच्या आत मी तो गळता केला.) ते आले. दुकानातून आत येताना त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले होते. मला वाटलं त्यांचीही कंबर दुखते. नंतर कळलं, आपल्या गल्लीतून जायची वेळ आलीच तर ते असेच चालतात, हात कशाला लागले असं कुणी म्हणू नये म्हणून. नळ बसवता बसवता, वर न बघता त्यांनी सांगितलं, ‘तो उंबऱ्यावरचा ठिपका माझा आहे. बाईंनी रस्त्यात दिला, मी लावला. राग नको.’ मी पाणी दिलं. बॅग आतल्या कपाटात होती आणि मी नळाबद्दलच बोलत राहिलो. जाताना सगळे थांबतात त्या आरशापाशी ते थांबले नाहीत. तो ठिपका मला काढता येणार नाही, ताई. तुझ्याशिवाय कुणालाच येणार नाही. म्हणून ये.

ता. क. तीन. छत्री बॅगेबरोबर सापडली नाही. सापडायची नव्हतीच. त्याच्या आदल्या आठवड्यात मी ती तुला न विचारता नेली होती आणि बसमध्ये विसरलो होतो. तू पोलिसांना ती काळी छत्री आपली म्हणून सांगत होतीस, तेव्हा मी तुझ्या शेजारीच उभा होतो. तुला घाबरलो. म्हणून नळवाल्यांच्या दारात तू एकटी उभी नसशील. खरं म्हणजे आधी मलाच बोलावं लागेल, तू फक्त शेजारी थांब, आणि मी पुन्हा नळाबद्दल बोलायला लागलो तर मला चिमटा काढ.