आवाजाचं काम

पुणे

चि. योगितास, आक्काचा अनेक आशीर्वाद.

गळ्यातली थायरॉईडची गाठ काढली. जेवण जातंय, टाके कोरडे हायेत. आईला एवढंच सांग.

काल दवाखान्यातल्या सिस्टरच्या फोनवरून मीच फोन केलता. तू "कोण बोलतंय, कोण बोलतंय" करून ठेवून दिलास. मी बोलत होते गं! तोंडातून नुसता वारा निघतो. म्हणून आपल्याकडं निघालेल्या पाटोद्याच्या एका बाईच्या हाती ही चिठ्ठी देते.

आवाजाची नस दुखावलीय. डॉक्टर म्हणतात, काही महिन्यांनी येईल, न्हाईतर न्हाईबी. ऑपरेशनच्या आधी त्यांनी विचारलं होतं, "आवाजाचं काम करता का? शिकवता, गाता?" मी म्हणले, "न्हाई ओ, मेंढरं राखते."

योगे, दिवसभर हाकच तर मारते मी! तवा हे कसं सुचलं न्हाई? उद्या लांडगा आला तर मी कशी वरडू?

म्होरकी मेंढी तुझ्या हाकेला वळती का? खरं सांग.

आता फोन आला आन् कुणी बोललं न्हाई, तर ठेवू नको. मेंढरांत उभी राहा आन् माझ्यासारखी हाक मार. ती वळली की तिच्या गळ्यातली घंटी मला ऐकू दे.

तुझीच,
बबिताआक्का