खिशातल्या ग्रिपा

अण्णा, तुमच्या पत्र्याच्या खोलीचं कुलूप मी कापलं. चावी आईकडेच होती, पण ती देईना. सुप्याच्या कंपनीतलं पॅनल वायरिंगचं काम सुटलं, मी काष्टीला परत आले आणि पहिल्याच आठवड्यात तिला म्हटलं, आता अण्णांची खोली मी चालवणार. ती चुलीपुढे बसली होती. "चालव की. एकाला जाळून आले, आता तुला बी जाळते," एवढं म्हणून तिनं भाकरी उलटली. मी हॅक्सॉ घेतली आणि कुलूप कापत बसले. आवाज घरात जात होता, पण ती उठली नाही.

खोलीची दशा काय सांगू! उंदरांनी वाइंडिंगचा कागद कुरतडून त्याचीच घरं केली होती. तुमचा शिकंजा गंजून दगड झाला होता, त्याला डिझेल पाजून पाजून फिरता केला. भिंतीवर प्लायवूड ठोकून पाने, पकडी, स्क्रूड्रायव्हर टांगले आणि प्रत्येकाच्या कडेनं पेन्सिलीची रेघ मारली, म्हणजे कुठली जागा रिकामी आहे ते लगेच दिसतं. आता मिक्सर येतात, पंखे येतात, फवारणीचे पंप येतात. आधी बायामाणसं नुसतं बघायला यायची, "पोरगी मोटार खोलती म्हनं," असं म्हणत. मग हळूच पदराखालून बिघडलेला मिक्सर काढायची.

तुम्ही असताना निम्मं वर्कशॉप आपल्या स्वयंपाकघरातच होतं. पावसाळी हवेत वाइंडिंगचं वार्निश वाळेना की तुम्ही मोटार चुलीजवळ आणून ठेवायचात आणि आमच्या भाकरीला वार्निशचा वास लागायचा. आई तोंडानं शिव्या घालायची आणि हातानं मोटार फिरवून दुसरी बाजू आगीकडे करायची. तिथंच बसून तुम्ही मला हिरव्या मुठीचा टेस्टर दिला होता. मी तो मिरवायला म्हणून बोर्डात खुपसला, तर हातातून हिसकावून घेतलात. "लाईट पावन्यावानी सांगून येत न्हाई. आदी डीपीवरच्या फ्यूजच्या ग्रिपा काढायच्या, आपल्या खिशात घालायच्या, मंग स्टार्टरला हात लावायचा. ग्रिपा खिशात, तर जीव खिशात." टेस्टर मला दोन दिवसांनी परत मिळाला. मी अजून तोच वापरते.

त्या दिवशी ग्रिपा तुमच्या खिशातच होत्या. गाव काही का म्हणेना. विहिरीवर तुम्ही स्टार्टर खोलून बसला होतात, लाईट गेलेली होती, डीपीच्या तिन्ही ग्रिपा तुम्ही काढून आणल्या होत्या. पण त्या डीपीवर, एकाच ट्रान्सफॉर्मरवर, पाच-सहा जणांच्या मोटारी. कुणाचं तरी पाणी थांबलं असणार, तो डीपीपाशी गेला असणार. डीपीच्या पेटीला दार कधीचंच राहिलेलं नाही. ग्रिपा दिसल्या नाहीत की आपल्याकडे माणूस हाका मारत हिंडत नाही, खाली पडलेली तार उचलतो, पीळ देतो आणि ग्रिपेच्या जागी अडकवून टाकतो. लाईट आली की मोटार चालू. सगळे तेच करतात. तुम्हीही लोकांच्या डीपीवर अशा तारा टाकलेल्या मी पाहिल्या आहेत, अण्णा.

लाईट आली. लोक धावले तोवर तारा गायब होत्या आणि पेटी रिकामी होती. तुमचा शर्ट आईच्या हातात दिला, तेव्हा तिनं खिशातून तीन ग्रिपा काढून सगळ्यांपुढे धरल्या. "ह्या हितं हायेत. मंग लाईट आली कुठनं?" जो तो जमिनीकडे बघत राहिला, कारण तार प्रत्येकानंच कधी ना कधी टाकली होती. पुढे 'मिस्त्रीच बेफिकीर' हे पक्कं झालं. कुणाचं नाव घेण्यापेक्षा मेलेल्या माणसावर ढकलणं सोपं. आई वर्षभर भेटेल त्याला तो एकच प्रश्न विचारत राहिली, मग तिनं विचारणं सोडलं.

मला तुमचाही राग येतो, हे आज लिहूनच टाकते. कंपनीत आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, की लाईन बंद केली तरी तिन्ही तारा साखळीनं एकमेकींना जोडायच्या आणि जमिनीला बांधायच्या. मग मागून कुणी लाईट सोडली तरी ती साखळीत जाते, माणसात जात नाही. एक साखळी, अण्णा. तुमच्या भंगारात तसल्या दहा निघाल्या असत्या. ते ऐकताना मी वर्गातून उठून बाहेर गेले होते.

यंदा माघात बांधावरचे काका आले. त्यांचं रान आपल्या रानाला लागून आहे. तुमच्या दहाव्याला सगळं गाव आलं, हे आले नाहीत. तेव्हापासून आपल्या दारातही आले नव्हते. आता खोलीच्या दाराबाहेरच उभे राहिले. "मोटार उचलंना पोरी. कांदा सुकाय लागलाय. श्रीगोंद्याचा मिस्त्री चार दिस यायचा न्हाई म्हनतो." मी आईकडे पाहिलं. ती पदर खोचत म्हणाली, "जा. पन मी बी येते."

डीपीवर मी ग्रिपा काढल्या आणि आईनं हात पुढे केला. तिन्ही पदरात बांधून ती डीपीच्या बुडाशी उन्हात बसली. काका चहाची किटली घेऊन निघाले, तर तिथूनच ओरडली, "डीपीकडं यायचं न्हाई. त्या पोरीच्या नजरंपुढं बसा." काका मुकाट्यानं विहिरीवर आले. मी तारांना साखळी लावली, स्टार्टर खोलला. आतला कॉन्टॅक्ट जळाला होता, तो बदलला. काका खाली मान घालून बसले होते. मी काही विचारलं नव्हतं.

"तारा म्याच टाकल्या हुत्या," ते म्हणाले. "मला वाटलं, ग्रिपा चोरीला गेल्या. तुझ्या बापाचा आवाज आला आन् म्याच काडल्या. हातानं काडल्या, काठी बी घेतली न्हाई. मला कायबी झालं न्हाई."

मी साखळी काढून हत्यारं गोळा केली आणि आईकडे चालू लागले. हे तुम्हाला पोचायचं नाही, म्हणूनच पुढचं लिहिता येतंय. स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीला अर्थिंगची तार असते, पेटीत उतरलेला करंट जमिनीत नेणारी. तिचा नट मी काम करताना सोडला होता आणि तो तसाच ठेवून निघाले होते. विसरले नव्हते. आज ना उद्या पेटीत करंट उतरेल आणि ओल्या पायांनी बटण दाबायला येणारा माणूस कोण असेल, हे मला चांगलं ठाऊक होतं.

आईपर्यंत पोचले. तिनं पदराची गाठ सोडली आणि तिन्ही ग्रिपा माझ्यापुढे धरल्या, त्या दिवशी सगळ्या गावापुढे धरल्या होत्या तशाच. मला त्या घेता येईनात. मी मागे वळले, विहिरीवर गेले, पेटी पुन्हा उघडली आणि नट हात दुखेपर्यंत आवळला. काका बघत होते. त्यांना काही कळलं का, मला माहीत नाही.

परत आले तेव्हा आईनं विचारलं, "काय राह्यलं हुतं गं?"

"पाना," मी म्हटलं.