लाल गाडीचे तीन आकडे

१९ जानेवारी, सोमवार

ओल्गेरने लाल गाडी विकली! म्हणजे त्याच्या मते विकली. सकाळी एक तरुण शिक्षिका आमच्या जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या विक्रीच्या आवारात शिरली. येंद्री नाव. बाहोस देल तोरोच्या शाळेत नेमणूक झालीय, फेब्रुवारीत शाळा उघडणार. आमच्या बंधुराजांना एवढं पुरलं. तिला गाडीत बसवलं, चर्चभोवती दोन फेऱ्या मारून आणलं, कॉफी पाजली. ती प्रत्येक गोष्टीला गोड हसून "हो ना, छानच आहे" म्हणत होती.

मी विचारलं, "बॅटरीचं काय?"

"चमकते बघा कशी!"

"बॅटरी?"

"गाडी हो!"

बाहोस देल तोरोचा घाट मला माहीत आहे. उभा चढ, दुपारनंतर धुकं, आणि वर चार्जर औषधालासुद्धा नाही. मी बजावलं — बॅटरी तपासून घेतल्याशिवाय ही गाडी फाटकाबाहेर जाणार नाही. नाहीतरी आमच्या ग्रेसिया गावातल्या सगळ्या आवारांत आता काचेवर बॅटरीचे दाखले लागलेत. आपल्यालाही कुणीतरी एक तपासनीस कायमचा धरावाच लागणार. तिघांना बोलावते. लाल गाडी तिघांना दाखवायची, मग ठरवायचं.

२० जानेवारी

पहिला केइलोर. स्टीअरिंगखाली बोटाएवढं यंत्र खोचलं, फोनकडे बघितलं — बॅटरी नव्याच्या त्र्याण्णव टक्के! त्याची कॉफी निवायच्या आत. ओल्गेर त्याचा मुका घ्यायचाच बाकी होता.

मी विचारलं, "फोनला कसं कळतं?"

"गाडीच सांगते की, बाई."

म्हणजे गाडी स्वतःबद्दल जे सांगते ते! मला कुणी वय विचारलं तर मी काय सांगते ते मला ठाऊक आहे.

२१ जानेवारी

दुसरा फाब्रिसियो, राजधानीहून, सान होसेहून. इस्त्रीचा शर्ट, चाकांवरचं कपाटाएवढं यंत्र, दोन तास गाडीला तारा लावून बसला. रंगीत आलेख काढले. चौऱ्याऐंशी. कागद इतका देखणा, की ओल्गेर म्हणाला, "याची चौकट करू."

काल त्र्याण्णव, आज चौऱ्याऐंशी, गाडी तीच! रात्रीत म्हातारी झाली की काय?

२२ जानेवारी

एक युक्ती सुचली आणि स्वतःवरच खूश झाले. ज्या गाडीचं खरं मला माहीत आहे, तीच यांच्यापुढे ठेवायची — माझी पांढरी! इतकी वर्षं चालवतेय, सार्चीच्या रस्त्यावर कुठल्या वळणावर तिला धाप लागते ते झोपेत सांगेन. निम्म्याहून थोडी बरी, बस. दोघांना उद्या परत बोलावलंय. गाडी कुणाची ते सांगायचं नाही, असं ओल्गेरला निक्षून सांगितलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

सांगितलंन! कॉफी ओतता ओतता — "ही आमच्या हानियाताईंची लाडकी बरं का."

झालं. केइलोर फोन खिशात टाकत म्हणाला, "नव्वद! तुमच्या हाताला यश आहे, ताई." फाब्रिसियोने यंत्राचा पडदा बघितला, मग माझा तामाल आसादो बघितला — आज मक्याचा हा केक नेमका छान जमला होता — आणि पडदा अलगद पलीकडे वळवला. "ऐंशीच्या घरात म्हणा."

म्हणा! आकडा काय म्हणायचा असतो? पण घरच्या बाईला, तिचाच केक खाताना, तुमची गाडी आजारी आहे असं कोण सांगेल? मीही सांगितलं नसतं. आम्ही सगळे एकाच मातीचे.

२४ जानेवारी, शनिवार

तिसरा विल्बेर, दूर ग्वानाकास्ते प्रांताचा. त्याची रीत सरळ. गाडी चार्ज करून पूर्ण भरायची, चढउतारावर पार रिकामी होईस्तोवर हाकायची आणि बॅटरीतून खरोखर निघालं किती ते मोजायचं. अख्खा दिवस जातो. ओल्गेर म्हणाला, "एवढ्यात मी तीन गाड्या विकतो."

याच्याही कानावर पांढरी गाडी कुणाची ते गेलंच होतं. संध्याकाळी आला, केकचे तीन तुकडे खाल्ले, केकचं कौतुक केलं, आणि फाटकात वळून म्हणाला — "बाई, अठ्ठावन्न. म्हातारी झालीय तुमची गाडी."

इतका राग आला! तोंडावर? माझ्याच फाटकात? जेवलेसुद्धा नाही धड. फाब्रिसियोचं खोटं मला जास्त आवडलं होतं, कबूल.

मग अंथरुणात पडल्या पडल्या हसू फुटलं. माणूस मिळाला आपल्याला! सोमवारी लाल गाडी त्याच्या हातात.

२६ जानेवारी

एकसष्ट.

विल्बेर गाडी थेट शाळेपर्यंत घेऊन गेला होता. म्हणाला, "वर पोचेल. परत येणार नाही. मी टोचन लावून आणली." परदेशातून येताना, बोटीवर चढवण्याआधी कुणीतरी गाडीची जुनी स्मृती पुसून टाकलीय. बिचारी स्वतःला नवीकोरी समजते, आणि फोनला तसंच सांगते, त्या कपाटालाही थोडंफार.

ओल्गेरचा चेहरा पडला. लबाड नाही तो, फक्त उतावळा आहे. "आता येंद्रीला कोण सांगणार?" म्हणाला.

२८ जानेवारी, बुधवार

ओल्गेरच्या रोजच्या फोनला मान देऊन येंद्री आली. आज सांगायचंच ठरवलं होतं. तिच्या आईच्या गुडघ्याबद्दल बोललो. वाऱ्याबद्दल बोललो. माझी ऑर्किड्स दाखवली. ती म्हणाली, "निकाल आला का हो?" मी म्हटलं, "येतोच आहे." तिने सुस्कारा टाकला. केवढी आस लागलीय पोरीला त्या गाडीची!

ती गेल्यावर ओल्गेरने विचारलं, "सांगितलंत?"

"जवळजवळ."

२९ जानेवारी

आजही नाही. पेहिबायेची फळं उकडून डबा भरून दिला.

३० जानेवारी, शुक्रवार

विल्बेर म्हणाला, "मी सांगतो. एका वाक्याचं काम." नको म्हटलं. आवार आमचं, तोंडही आमचंच हवं.

पण भीती वाटते. तिचा तो हसरा चेहरा उतरलेला मला बघवणार नाही. दुसरीकडे डोळ्यापुढे सारखं तेच येतं — वळणावर बंद पडलेली लाल गाडी, धुकं, मागून येणारा दुधाचा ट्रक, आणि आत ही पोर वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसलेली. वाईट दिसलं तर दिसू दे. उद्या ओल्गेर तिला सहीला बोलावतोय. सही व्हायच्या आत सांगणार.

३१ जानेवारी, शनिवार

सांगितलं! उभ्याउभ्या, एका दमात, कॉफी न विचारता. येंद्री माझे दोन्ही हात धरून रडायलाच लागली. मी म्हटलं, "बाळा, दुसरी बघू, याहून चांगली बघू" — तर जास्तच रडली. मग डोळे पुसत अगदी हळू म्हणाली, "नको हो, हानियाताई. मला गाडी चालवताच येत नाही. मी त्या दिवशी डोंगराकडची बस कुठे थांबते, एवढंच विचारायला आत आले होते. भाऊ इतक्या प्रेमाने बोलत होते... नाही कसं म्हणायचं?"

बस आमच्या फाटकासमोरच थांबते.