इंग्रजी वाचतंय कोण

१६ जून
एकदाचा वर्ग मिळाला! एम.ए., बी.एड., टीईटी दोनदा — आणि नेमणूक? तासावर! पणदऱ्याहून बारामती, बारामतीहून सणसर, दोन एसट्या, पुढं फाट्यापासून वीस मिनिटं पायपीट. दहावीचं इंग्रजी माझ्याकडं. हेडसर म्हणाले, निकाल चांगला लावा, मग संस्थेकडं तुमचं नाव पाठवू. घरी आबांनी एवढंच विचारलं, "पर्मनंट हाय का?" नाही म्हटल्यावर पेपर उघडला.

२ जुलै
‘माझे वडील’ यावर इंग्रजीत दहा ओळी लिहायला सांगितल्या. अडतीस वह्या, अडतीस डॉक्टर! सगळे बाप सकाळी सहाला उठून फिरायला जातात, आणि रविवारी पोरांना बागेत नेतात. कुठली बाग? यांचे बाप पहाटे डेअरीला दूध घालतात नि दिवसभर उसाला पाणी धरतात. गाईडातला निबंध, दरसाल तोच.
गणिताचे सर हसले. म्हणे, बोर्डाला डॉक्टर चालतो, नवीन आहात, कळेल. हसा खुशाल! वह्या परत दिल्या. म्हटलं, घरातला बाप लिहा. चुकलं तर चुकू दे, वाक्य तुमचं पाहिजे.

९ जुलै
कोऱ्या वह्या. आणि वर एकीचा भाऊ येऊन विचारून गेला, मॅडम गाईड का वापरत नाहीत?

११ जुलै
एक वही आली! स्वरालीची. तिसऱ्या बाकावर बसते, हजेरीलासुद्धा पुटपुटते. तिचं मोडकं इंग्रजी इथं मराठीत उतरवून ठेवते —
‘माझे वडील मला स्थळ बघत आहेत. दहावी पुष्कळ झाली म्हणतात. आई गप्प बसते. मला नर्स व्हायचं आहे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. इंग्रजीत लिहिते, कारण आमच्या घरात इंग्रजी कुणाला वाचता येत नाही.’
एसटीत तीनदा वाचलं. डोळे भरून आले. चार आठवड्यांत पोरगी स्वतःच्या मनाचं लिहायला लागली! ज्यांनी ज्यांनी मला नावं ठेवली त्यांच्या नाकावर टिच्चून!
स्थळाचं काय, घरोघर बघतातच. मलाही बारावीपासून बघतायत. अजून इथंच आहे मी.

१३ ऑगस्ट
हेडसरांना झेंडावंदनापूर्वी फलक भरून हवाय. गावातली माणसं येणार ना! मी स्वरालीचा निबंध मधोमध लावला. खाली नावही घातलं, नाहीतर गणिताचे सर म्हणायचे, मॅडमनीच लिहिलाय.
मधल्या सुट्टीत ती दाराशी येऊन उभी राहिली. "मॅडम, नको ना."
लाजाळू आहे फार. म्हटलं, अगं वेडे, हितं इंग्रजी वाचतंय कोण?

१५ ऑगस्ट
वाचलं.
तिच्या चुलत्यानं, म्हस्कूनं, फलकापुढं मोबाईल धरला. मोबाईलनंच मराठी करून दिलं. हा बाबा चार माणसांत मोठमोठ्यानं वाचतोय, हसतोय — मग खालचं नाव वाचलं आणि गप्प झाला. तिचे वडील मानसिंगराव मागंच उभे होते. ओरडले नाहीत. टाचण्या एकेक काढल्या, कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि स्वरालीला गाडीवर बसवून घेऊन गेले. तिनं एकदाही वर बघितलं नाही.
मी जिलेबी वाटत होते. तशीच वाटत राहिले.

१८ ऑगस्ट
हेडसरांनी अर्धा तास उभं केलं. "पोर्शन शिकवा मॅडम, लोकांची घरं फोडू नका!" दहावी काढून घेतली. इंग्रजीचा तास गणिताच्या सरांना, मला पाचवी. संस्थेकडं नाव पाठवायचं म्हणाले होते, ते आता विसरा.
माझा गुन्हा काय? शिकवलं, हा? गाईड वाचून दाखवलं असतं तर शहाणी ठरले असते. थू असल्या नोकरीवर! असं लिहिते खरी, पण उद्या पावणेसातची एसटी धरणारच आहे. नाक दाबलंय ना.

२६ ऑगस्ट
स्वराली अजून येत नाही. तिच्या बाकावरची स्वरूपा म्हणाली, शेळगावला मामाकडं गेलीय. मामाकडं म्हणजे बरंच की. बापाचा राग उतरला की येईल. तिचं काय, महिन्याभराचा अभ्यास बुडेल. माझं तर सगळंच बुडालं.

१२ सप्टेंबर
दहावीच्या वर्गावरून गेले. सर वाचतायत, पोरं एका सुरात म्हणतायत. हेडसर व्हरांड्यात भेटले. मला ऐकू जाईल असं शिपायाला म्हणाले, आता कसं वर्गाला वळण लागल्यासारखं वाटतं! जीव जळला नुसता. तोंडावर हसले.

९ ऑक्टोबर
सहामाहीच्या सुपरविजनला दहावीवर होते. तिसऱ्या बाकावर स्वरूपा एकटीच. विचारणार होते, तेवढ्यात घंटा झाली.

३० ऑक्टोबर
दिवाळीत आत्या आलेली. चारचौघांत म्हणाली, "एवढं शिकून पाचवीलाच शिकवती व्हय?" आई उठून आत गेली. फराळ गोड लागला नाही. यंदा माझ्याइतकं कुणाचं वाटोळं झालं नसेल.

१९ नोव्हेंबर
बारामतीच्या स्टँडवर स्वरालीची आई दिसली. मीच पुढं झाले. म्हटलं, कधी पाठवताय शाळेत?
"दिली तिला. गेल्या इतवारी. शेळगावलाच उरकलं."
पंधरा वर्षांची पोर. झालं ते चुकलंच, पण असं कसं केलंत, असं काहीतरी म्हणाले मी. त्या रागावल्या नाहीत, तेच वाईट.
"तो कागद लागस्तोवर मला कुठं ठावं व्हतं, मॅडम, तिच्या मनात न्हाय म्हणून? मला बोलली न्हाय, आजीला न्हाय. तुमाला एकटीला सांगितलं व्हतं तिनं."
गाडी लागली, गेल्या.
त्या निबंधाला दहापैकी नऊ दिले होते मी. खाली लाल पेननं लिहिलं होतं — छान.