सरळ चालायला लागलेली अँबॅसिडर

कारेगाव, रविवार

आदरणीय म्हाळूमामा,

भाचा नागसेनचा मनापासनं जयभीम. खांदा कसा हाय? शेकता का नुसतंच कण्हता? विठामामींची तब्येत बरी असणारच. परवा त्यांचा आवाज दौंडहून इथवर फोनशिवायबी ऐकू आला असता. हे सगळं फोनवरच सांगणार हुतो, पण तुम्ही अर्ध्यातच “ठेव फोन” म्हणता. पत्राला तसं म्हणता येत न्हाई.

तर तुमची अँबॅसिडर. पुण्याचं गिऱ्हाईक बघायला यायच्या आत धुवून आणतो म्हणून मी शिरूरला नेली, त्याला दीड महिना झाला. धुतली न्हाई. पुढनं खोलली. (आधी पुरतं वाचा, मग शिव्या द्या.) खांदा धरल्यापासनं तुम्हाला स्टेअरिंग वळंना, म्हणून तुम्ही गाडी विकायला काढली. मी म्हणलं, खांदा डॉक्टर बघतील, स्टेअरिंग आपण बघू. कंपनीत मेंटेनन्सला असल्यानं जगातलं सगळंच दुरुस्त हुतं असं मला उगीच वाटतं. तिथल्या गॅरेजातल्या खंडू मिस्त्रीनं पुढची चाकं काढली आन् कपाळाला हात लावला. रबरी बुशांचा भुगा झालेला, जॉइंट खुळखुळणारे, शॉकअपमधलं तेल कवाच आटलेलं. ही गाडी कुणाच्या भरवशावर चालत हुती, असं विचारायला लागला. म्हणलं, म्हाळूमामांच्या. तुम्ही पस्तीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवलं, त्याला स्टेअरिंगच नसतं. मग ते असलं काय आन् बिघडलं काय, तुम्हाला सारखंच! (माझ्यावर चिडू नका, हे मामींचं वाक्य हाय.)

खंडूनं बुश, जॉइंट, शॉकअप सगळं नवं घातलं, मोडीत निघालेल्या एका छोट्या गाडीचं मोटरवालं पावर स्टेअरिंग आणून बसवलं आन् चाकं मशिनवर सरळ लावून घेतली. आता करंगळीनं वळतं, खोटं न्हाई सांगत. ट्रायलला मी बसलो. आपली गाडी पहिल्यापासनं डावीकडं ओढायची, आन् आपल्या खानदानात जो ड्रायव्हिंग शिकला तो तुमच्याकडनं, ह्याच गाडीवर, तुमचं “उजवीकडं ओढून धर, बैला!” ऐकत. मी धरली ओढून, वीस वर्षं धरतोय तशी. गाडी गेली ती थेट रस्त्याकडंच्या शेतातल्या सर्जेराव आप्पांच्या कडब्याच्या गंजीत. आप्पा बांधावर भाकरी खात बसले हुते. घास न थांबवता म्हणाले, निदान साईड तरी दाखवायची. दुसऱ्या दिवशी तुमचा पुतण्या धम्मदीप बसला, त्याच गंजीत. मग तुमची लेक करुणा, मला हसत हसत बसली, तीबी तिथंच. शेवटी आप्पांनी गंजच हलवली. गाडी सुधरायला महिना लागला, आम्हाला सुधरायला पंधरा दिवस. पण आता मी कारेगाव-शिरूर असा जाऊन येतो की शेजारच्या सीटवरचा चहा हिंदकळत न्हाई. लई गोड चालती हो मामा!

खांद्याला जपा.

तुमचा,
नागसेन

ता.क. – गाडीला ओरखडाबी न्हाई. (उजवा हेडलाइट सोडून.)

ता.क. दुसरं – पुण्याचं गिऱ्हाईक येऊन गेलं. मी ट्रायल दिली. फक्त एवढंच सांगितलं की, साहेब, जरा उजवीकडं ओढून धरा. ते काय परत येईल असं वाटत न्हाई. आप्पांनी गंज पुन्हा हलवलीय.

ता.क. तिसरं – गाडी विकायचं ठरल्यापासनं तुम्ही अर्ध्या भाकरीवर उठता, हे मामींनी सांगितलं. किल्लीबी त्यांनीच दिली हुती. येत्या रविवारी गाडी दारात आणतो. मामींनी साडी काढून ठेवलीय, त्या पुढं बसणार. चालवायची तुम्ही, आन् विकायची न्हाई, एवढीच विनंती. फक्त उजवीकडं ओढू नका, मामा. तुम्ही लई वर्षं ओढलं. आता ती आपली आपण सरळ जाती.