सोळा पिना म्हणजे सोळा पिना

४ मार्च
ताईच्या अंडी उबवायच्या मशीनचा कंट्रोलर तयार झाला. तापमान छोट्या एलसीडीवर झकास दिसतं. रोगात तिचा सगळा कळप गेला, सातच कोंबड्या उरल्या. त्यांची शहाण्णव अंडी परवा आत जाणार. वाण टिकला तर याच खेपेत, नाहीतर संपला. ताई म्हणाली, नीट तपासून दे. बावीस वर्षं टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला सांगते!

५ मार्च, दुपारी ४
डिकीत डिस्प्ले फुटला. टूलबॉक्स त्याच्यावर मीच ठेवला होता, पण खड्डा रस्त्याचा होता. दुसऱ्या कंपनीचे दोन आणले. दुकानदार म्हणे, पिना तपासून जोडा, काहींत पहिली-दुसरी उलट असते. वर कागदही दिला. कागद वाचून कामं करणारे वेगळे. सोळा पिना म्हणजे सोळा पिना.

५ वाजता
जोडला. अक्षर उमटेना. पाठीला बोट लावलं तर चटका बसला. म्हणजे करंट जातोय. शुभ लक्षण.

५.२०
गेला. दुसरा लावला, तोही गेला. हल्ली मालच भिकार.

६ मार्च
डिस्प्लेशिवाय मशीन सुरू केलं. अंड्यांना ऊब हवी, वाचायला काय करायचंय? ताईने तापमान विचारलं. साडेसदतीस सांगितलं. तेवढं हवं, म्हणजे तेवढंच असणार.

९ मार्च
ताईचा फोन. आतली पाण्याची ताटली दिवसातून तीनदा कोरडी पडते. म्हटलं, हवा कोरडी आहे. हीटर चालू-बंद होताना टकटक व्हायची, तीही थांबली. मशीन स्थिरावलं.

१३ मार्च
ताईने अंडी दिव्यासमोर धरली. शिरांचं जाळं नाही, नुसतं लाल कडं दिसतं, म्हणे. मी म्हटलं, सातव्या दिवशी पिल्लं लाजतात. ती हसली नाही. उद्या थर्मामीटर ठेवायचा. नक्की.

१५ मार्च
ठेवला नाही. स्वतःच्याच कामावर संशय कशाला? पेटीतून वास येतोय. रंगाचा असेल. रंग ताईने निवडला होता.

२२ मार्च
पेटीला कान लावला. आत काहीच हालचाल नाही. घरी येऊन तो कागद वाचला. पहिली पिन पॉझिटिव्ह, दुसरी ग्राउंड. मी बरोब्बर उलट जोडलं होतं, दोन्ही वेळा. त्या झटक्यात तापमानाचा सेन्सरही गेला असेल. असेलच असं नाही. जेवण गेलं नाही. ॲसिडिटी.

२७ मार्च, सकाळी ९
एकवीस दिवस भरले. एकही अंडं फुटलं नाही. शेवटी थर्मामीटर आत ठेवला. बेचाळीस. भीती वाटली. खरंच वाटली.

ताई ओरडली नाही. मला परसात घेऊन गेली. खुडूक कोंबडीच्या पंखांखालून अकरा पिल्लं डोकावत होती. ताई म्हणाली, बारा अंडी पहिल्याच दिवशी हिच्याखाली ठेवली होती, तुला लहानपणापासून ओळखते. मशीनमध्ये चौऱ्याऐंशीच होती. मी मोजली नव्हती.

मग तिने माझ्या हातात फावडं दिलं आणि म्हणाली, खोल खण, कुत्री उकरतात.