जर्मन शिकले, जर्मनीला गेले नाही

प्रिय अब्बा,

आज दुपारी चाचांनी सगळ्यांसमोर मला सुनावलं, "तुझे अब्बा असते तर तुझी ही हिंमत झाली नसती." म्हणून लिहायला बसले.

तुम्हाला जाऊन सव्वा वर्ष झालं. या सव्वा वर्षात 'तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात' हे मला निम्म्या गेवराईनं सांगून झालंय. चाचा सांगतात, मामू सांगतात, गॅरेजशेजारचा टायरवालासुद्धा सांगतो. ज्यांना तुम्ही कधी एक वाक्य पुरं करू दिलं नाही, ते सगळे आता तुमच्या वतीनं बोलतात! म्हटलं, मधली माणसं कशाला? तुमच्याशीच भांडू.

मराठीत लिहितेय. घरात आपली दखनी चालायची, पण तुम्हाला वाचता यायचं ते मराठीच. गॅरेज उघडलं की आधी पेपर, तोही मोठ्यानं. ट्रकवाला खोळंबला तरी अग्रलेख संपल्याशिवाय बॉनेट उघडायचं नाही.

तर झालं असं. जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमात मला नोकरी मिळत होती. चाचांच्या ओळखीच्या एजंटानं सगळं जुळवून आणलं होतं. मी नाही म्हणाले. बीडच्या एका कॉलेजात यंदा जर्मनचा वर्ग सुरू होतोय, तिथं शिकवायला जाणार आहे. तासिका तत्त्वावर. चाचांनी हातातला कप खाली ठेवला.

"जर्मन शिकली अन् जर्मनीला जात न्हाई? मग शिकली कावून?"

हाच प्रश्न तुम्हीही विचारला होता ना? तुमच्या हातात कप नव्हता, पाना होता, एवढाच फरक.

पण मला आधीचे दिवस आठवतात. बारावीनंतर मी पुण्याला जाऊन जर्मन घेऊन बी.ए. करते म्हणाले, तेव्हा घरात केवढा गोंधळ झाला! मामू म्हणाले, डी.एड. कर. चाचा म्हणाले, निकाह करा. तुम्ही एकटे हो म्हणालात. हायवेवरच्या कुठल्यातरी ड्रायव्हरनं तुम्हाला सांगितलं होतं की जर्मनीत माणसं कमी पडतायत, भाषा येणाऱ्याला लगेच घेतात. झालं! गॅरेजवर येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही सांगू लागलात, "आमची शाहीन जर्मनीला जाणार हाय." मी अजून पहिल्या धड्यातल्या 'माझं नाव अमुक'वर अडकले होते, आणि तुमच्या मनात माझं विमान उडालंसुद्धा होतं.

पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत मी रडकुंडीला आले होते, आठवतं? जर्मनमध्ये चंद्र पुल्लिंगी, सूर्य स्त्रीलिंगी आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी! पाठ तरी कसं करायचं? तुम्ही हात पुसत हसलात.

"मराठीत काय येगळं हाय? तो पाना, ती गाडी, ते इंजिन. कावून, कुणाला ठाऊक? मी 'तो गाडी आला' म्हनलो म्हणून गुरुजींनी बाकावर उभं केलतं. समदी शाळा हसली. मग मी ठरवलं, ही भाषा ह्यांच्याहून चांगली बोलून दावायची."

आणि दाखवलीत. त्या सुट्टीत रोज संध्याकाळी तुम्ही माझे शब्द घेत बसायचात. उच्चार असे करायचात की मला हसून ठसका लागायचा. अब्बा, या भाषेवर माझा जीव जडला त्यात तुमचाही हात होता. ते मात्र तुम्ही पुढे सोयीनं विसरलात!

बी.ए. संपलं आणि पहिला एजंट आला. मी एम.ए. करायचं म्हणाले. तुम्ही ट्रकखालून बाहेर आलात, पाना हातात तसाच.

"जर्मनीला जायचं न्हाई, मग शिकली कावून? काय वाचतीस तिथं?"

"गोष्टी. इतिहास. त्या लोकांनी काय केलं, काय सोसलं."

"दुसऱ्याच्या देशाच्या गोष्टी वाचून पोट भरतंय व्हय?"

"भरेल. मी शिकवीन."

"मी इथं लोकांना काय सांगू?" तुम्ही केवढ्यानं ओरडलात! समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघू लागली. मीही ओरडले. "सांगा, माझी पोरगी माझं ऐकत नाही!"

त्यानंतर सात महिने तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मी फोन केला की अम्मी घ्यायची आणि तिच्या शेजारून तुमचा आवाज यायचा, "विचार तिला, जेवली का." एवढं विचारायचं होतं, तर फोन हातात घेतला असता तर काय बिघडलं असतं? सात महिने, अब्बा! मीही हट्टी, कबूल. पण मोठे तर तुम्ही होतात.

मग फेब्रुवारीत एका दुपारी तुम्ही न सांगता पुण्यात आलात. कुठल्याशा ट्रकनं. जर्मन विभागाच्या दारात उभे, धुतलेला पांढरा शर्ट, नखांत मात्र ऑईल. तुम्ही मला घरी न्यायला आला होतात, हे मला बघताक्षणी कळलं. पण पाच मिनिटांत माझा निबंध वाचायचा होता, सगळा वर्ग बसला होता. आमच्या मॅडम म्हणाल्या, "या ना, आत बसा." तुम्ही शेवटच्या बाकावर बसलात.

दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त झालेल्या जर्मन शहरांतल्या बायकांवर मी लिहिलं होतं. पुरुष मेलेले, नाहीतर कैदेत. त्या बायका ढिगाऱ्यांतून एकेक वीट काढून, घासून, पुन्हा बांधायला रचून ठेवायच्या. वीस मिनिटं मी जर्मनमध्ये बोलले. तुमच्याकडे एकदाही बघितलं नाही.

बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "एकदाबी अडकली न्हाईस."

सात महिन्यांतलं तुमचं पहिलं वाक्य! मी धडाधडा सगळं समजावून सांगू लागले. ही बायका-विटांची गोष्ट, आणि तिच्या मागची तिच्याहून काळी गोष्ट. त्या देशानं लाखो निरपराध माणसं मारली, आणि आज तिथल्या शाळांत मुलांना ते शिकवतात, झाकून ठेवत नाहीत.

तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "त्यांच्या चुका तू कावून पाठ करतीस?"

मी तुम्हाला बसथांब्यापर्यंत सोडायला आले. तुम्ही मला घरी चल म्हणाला नाहीत. राहा, असंही म्हणाला नाहीत. "पोटाचं बघ," एवढंच बोलून एस.टी. स्टँडकडे जाणाऱ्या बसमध्ये चढलात. एक 'शाब्बास' म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?

दोन महिन्यांनी इंजिनावर वाकलेले असतानाच तुमच्या छातीत कळ आली. मी पोहोचले तेव्हा जनाजा उठायला थोडाच वेळ उरला होता. कुणीतरी चादर बाजूला केली. मी तुमच्या कपाळाला हात लावला, आणि बायकांनी मला मागे ओढलं. आपलं भांडण तिथंच राहिलं, अर्धं.

तुमच्या चाळिसाव्या दिवशी, सगळे जमलेले असताना, चाचांनी जाहीर केलं, आता पुणं बंद. अम्मी आतल्या खोलीतून बाहेर आली. पुरुषांसमोर ती कधी बोललेली तुम्ही तरी ऐकलीत का? उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "उसका इम्तेहान है. जाने दो उसे." पुन्हा आत गेली. दुसऱ्या दिवशी माझी बॅग तिनंच भरली.

अब्बा, आज चाचांना गप्प करणं सोपं होतं. 'अब्बा पुण्याला आले होते, त्यांनी ऐकलं, त्यांना पटलं होतं,' एवढं म्हणायचं होतं. तिथं आपल्यातलं दुसरं कोण होतं? अम्मीनं आशेनं माझ्याकडे बघितलंही. पण मी म्हणाले, "चाचा, अब्बांना पटलं नव्हतं. मला ठाऊक आहे. तरी मी जाणार नाही."

'त्यांच्या चुका तू कावून पाठ करतीस' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला आज हे बोलताना सापडलं. आपल्या माणसावर जीव असूनही त्याचं चुकलं ते चुकलं म्हणता येतं, हे मी त्या लोकांच्या पुस्तकांतून शिकले. तुमचं चुकलं होतं, अब्बा. माझंही चुकलं. सात महिन्यांत एकदा एस.टी.त बसून मी येऊ शकत होते.

म्हाताऱ्यांची सेवा करणं हलकं काम आहे, असं मला वाटत नाही. पण ते माझं काम नाही. जर्मनी बघायची ओढ नाही असंही नाही. एजंटाचे कागद परत करण्याआधी मी ते दोनदा वाचले. जाईन कधीतरी, माझ्या कारणानं. सोमवारी मात्र बीडला जायचंय. वर्गात नावं दिलेल्यांपैकी बरीचशी मुलं-मुली शिरूर कासारकडची आहेत. त्यांतल्या निम्म्यांना परदेशी जायचंय, आणि ती गेली पाहिजेत. पण एखादी मुलगी जर मला म्हणाली की मॅडम, मला जायचं नाही, मला नुसतं वाचायचंय, तर मी तिला 'कावून' असं विचारणार नाही.

आणि एक वचन देते. तुमचं नाव सांगून मला कुणी गप्प बसवू पाहील, तर मी गप्प बसणार नाही. तुमचं नाव सांगून मी स्वतःची सोडवणूकही करणार नाही. तुम्ही नाही म्हणाला होतात, आणि मी तरीही केलं. दोन्ही गोष्टी मी ताठ मानेनं सांगेन.

तुमची, न ऐकणारी,
शाहीन